आंधळ्या कोशिंबिरीचं चित्र

डॉक्टर उल्का आयर्लंडमधल्या लेटरकेनीच्या बाजारात गेली होती पडदे आणायला, आणि घेऊन आली काय, तर एक जुनं चित्र! तिची ही खोड लहानपणापासूनची. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा डच छाप होता म्हणे. शेतकऱ्याचं अंगण, चिखलात लोळणारं डुक्कर, तान्ह्याला भरवणारी बाई आणि आंधळी कोशिंबीर खेळणारी पाच पोरं. "तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं आणि कागदावर दाबायचं," म्हातारा दुकानदार म्हणाला होता. "मग पत्र्यावरचं उजवं कागदावर डावं होतं. सगळं उलटं."

नवरा केदार गॉलवेला नोकरीला, शुक्रवारीच यायचा. एरवी घरात मायलेकी दोघीच. सात वर्षांच्या स्वरांगीला त्या चित्राचं भलतंच वेड लागलं. शाळेतून आली की बसलीच बाहेरच्या खोलीत चित्रासमोर.

"आई, जिच्यावर राज्य आहे ना, ती जाम कंटाळलीये. शी वॉन्ट्स मी टु प्ले."

उल्का हसली खरी, पण मनात आलं, हॉस्पिटलपायी आपली पोर एकटी पडते, चित्रातल्या पोरांशी बोलत बसते. तिला स्वतःचाच राग आला.

डिसेंबरातली दुपार होती. चार वाजताच अंधारून आलेलं. उल्का ओट्याशी पोहे परतत होती, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून खिदळणं ऐकू आलं. एकीचं नव्हे... चार-पाच जणांचं. मागोमाग लाकडी पादत्राणांची खटखट, आणि शेणाचा, ओल्या गवताचा दमट वास. मग एकदम चिडीचूप.

"स्वरा?..."

खोलीत कोणी नव्हतं. उल्काने कॉटखाली पाहिलं, पडदा ओढला, आणि सोफ्यामागून पोरगी हसत बाहेर आली.

"अगं कार्टे, जीव गेला असता माझा!" उल्काने तिला छातीशी घट्ट धरलं. पोरीचं काळीज धडधडत होतं. डॉक्टरच ती, बोटं सवयीने छातीच्या डावीकडे गेली. तिथे काहीच लागेना. ठोके उजवीकडे पडत होते. उल्काने तिची हनुवटी वर केली. डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर होता.

हळूहळू उल्काची नजर चित्राकडे वळली. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलगी हात पसरून चाचपडत होती. तिच्या अंगात स्वराच्या शाळेचा स्वेटर होता.

उल्काने जिवाच्या आकांताने हाक मारायला तोंड उघडलं.

"श्श... हाक नको मारूस, आई," मिठीतली पोरगी कुजबुजली. "ती ग्रँड आहे तिथे, एकदम मजेत. तिला दिसत नाही ना... आवाजावरच येईल ती."

आणि एक चिमुकला हात उल्काच्या तोंडावर घट्ट बसला. तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तो तसूभरही हलेना.