शिवांगीसाठी आलेलं स्थळ

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या गेवेर्बेआम्टमध्ये, म्हणजे धंद्याची नोंदणी होते त्या कचेरीत, सिद्धांत माझ्या शेजारी येऊन बसला. केसांत पावसाचे थेंब, हातात सायकल दुरुस्तीच्या जोडधंद्याचा फॉर्म. डोळे मात्र माझ्या फॉर्मवर!

"डिटेक्टिव्ह? लायसन्स लागत असेल ना?"

"इथे परीक्षाही नाही नि लायसन्सही नाही. नोंदणी करायची, मग आपल्या नावावर गुन्हा नाही ना, माणूस भरवशाचा आहे ना, एवढं तपासतात."

"आणि मीनल जोशी भरवशाच्या आहेत?"

"तपासू देत की..."

तो हसला, आणि माझा पत्ता लिहायचा राहून गेला.

मग तळ्याकाठचे रविवार सुरू झाले. अहो-जाहो गेलं. बोलायचं ते मात्र कुणीच बोललं नाही.

नोंदणी झाली आणि पहिलं काम आलं ते पुण्याच्या शोभनाकाकूंचं. "माझ्या शिवांगीसाठी स्थळ आलंय गं, मुलगा तुमच्याच गावात असतो. नोकरी, व्यसन, प्रेमप्रकरण, सगळी चौकशी कर." सोबत फोटो होता. सिद्धांतचा!

शिवांगी कथक करते. उकडीचे मोदक करते. माझा तर वरणभातही करपतो... अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'दारू पितो.' एवढ्या एका ओळीवर स्थळ मोडलं असतं. पण तो बिचारा बिअरलासुद्धा शिवत नाही. लाज वाटली, ओळ खोडली आणि तडक तळ्यावर गेले.

"शिवांगी कशी आहे?"

तो चपापला. "आईने फोटो पाठवलाय. छान आहे. पण तुला कसं—"

"तुझी चौकशी माझ्याकडेच आलीये! छान म्हणजे किती छान?"

"मीनल... तू जळतेयस?"

मी त्याच्यासमोरच काकूंना फोन लावला, स्पीकरवर.

"काकू, मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी पक्की आहे, स्वभावाने सोनं आहे. पण हे काम मी सोडतेय. मला तो स्वतःसाठी हवाय."

काकू म्हणाल्या, "अगोबाई! आणि त्याला कोण हवंय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. सिद्धांतने हळूच माझ्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार काकू, मीच तो मुलगा. प्रेमप्रकरण आहे... असं लिहून घ्या."