लहान मडक्यातली तुआक

भर दुपारी, नदीच्या ऐन मध्यावर दिमाच्या होडीचं इंजिन बंद पडलं. होडीत चिकट तांदळाचं पोतं, वर भुरभुर पाऊस आणि खाली ओढ असलेलं पाणी. तिने दोरी ओढली, पुन्हा ओढली, इंजिनाला दोन शिव्याही घातल्या... पण ते मेलं ढिम्म हलेना.

"इकडे टाक ती दोरी!"

बाजाराकडून येणारी एक होडी शेजारी आली. तीतला तरुण वाकून इंजिन बघायला लागला. ओले केस, हाताला काळं तेल. त्याने मान वर केली आणि दिमा ओरडलीच, "तू!"

"मी?"

"मागच्या गवाईला आमच्या लांबघरी आला होतास. निळा शर्ट घालून. माझ्या पेल्याला बोट लावलंस आणि गेलास पुढे!"

त्या नदीकाठच्या लांबघरात एकाच लांब ओसरीवर अनेक कुटुंबांची दारं असतात, आणि सणाला पाहुणे दारोदार जातात. तिथे कुणी खायला-प्यायला पुढे केलं आणि नको असलं, तर निदान बोट लावून ते ओठांना टेकवायचं. नाहीतर वाटेत साप चावतो, मगर धरते, काहीही होतं. त्यामुळे त्याचं काही चुकलं नव्हतं. पण दिमाच्या मनाला ते बोट वर्षभर सलत होतं. गवाईला, त्या सुगीच्या सणाला, पाहुण्यांपुढे तुआक ही घरची तांदळाची दारू धरायला तिने पहिल्यांदाच पेला हातात घेतला होता, आणि ज्याच्याकडे बघून घेतला होता त्यानेच...

"सगळ्याच दारी बोट लावलं मी," तो हसून म्हणाला. "बावीस दारं, बावीस पेले आणि एकटं बोट. त्याला विचार, किती दमलं होतं."

"आमची तुआक आवडत नाही?"

"कडू सहन होत नाही. लहानपणी मलेरिया झाला, महिनाभर कोयनेल पाजलं मला. तेव्हापासून कडू म्हटलं की घसाच बंद होतो." त्याने दोरी ओढली. इंजिन लगेच फटफटलं. "पण... निळा शर्ट बरा लक्षात राहिला तुझ्या?"

 दिमाने होडी अशी काही पळवली, की तांदळाचं पोतं आडवं झालं.

त्याचं नाव जाराउ. वरच्या वळणापलीकडच्या लांबघरातला, बाजारात होडीची इंजिनं दुरुस्त करणारा. पुढचे तीन रविवार तो दिमाचं इंजिन "एकदा बघून जातो" म्हणून आला. चौथ्या रविवारी आईने सुपातले तांदूळ पाखडता पाखडता विचारलं,

"इंजिन तर ठणठणीत आहे. मग बिघडलंय कोण?"

दिमाचे कान लाल झाले.

"पोरगा वाईट नाही," आई म्हणाली. "पण मी ओळखते त्याला. बोट लावून पळणारा जावई मला नको. आपल्या दारची तुआक पिताना माणसाचे कान तापतात, अशी ख्याती आहे माझी! या गवाईला त्याने आपल्या दारचा पेला रिकामा केला, तर पुढचं बोलू. नाहीतर सांग त्याला, दुसऱ्या कुणाची इंजिनं बघ."

दिमाचा जीव टांगणीला लागला. पण रात्रभर तळमळावं असा तिचा स्वभाव नव्हता. आई 'आपल्या दारचा पेला' म्हणाली होती. तो कुठल्या मडक्यातला, हे कुठे म्हणाली होती? जाराउला तिने आईची अट तेवढी सांगितली, मडक्याचं गुपित स्वतःकडेच ठेवलं.

बाजारात खमिराच्या वड्या विकणारी म्हातारी तिला बघून म्हणाली, "नेहमीच्या ना? जहाल?"

"नको... गोड दे. फक्त गोड."

"अगं बाई! बाळंतिणीसाठी?"

"पाहुण्यासाठी."

"असं होय," म्हातारी मिशीत हसावं तसं हसली आणि एक वडी वर फुकट टाकली. दिमाने ती परत केली. खमीर जास्त झालं की तुआक कडवट होते, आणि या वेळी तिला कणभरही कडूपणा परवडणार नव्हता.

आई शेतावर गेली की दिमाचं काम सुरू व्हायचं. शिजवलेला भात चटईवर पसरून पूर्ण गार केला. आई वापरायची त्याच्या निम्म्यानेच खमीर चुरून घातलं. लहान मडकं भरून तांदळाच्या पोत्यामागे लपवलं. चार दिवसांनी साखरेचा पाक गार करून ओतला. आईचं मोठं मडकं महिनाभर मुरायचं. हे तिने अकराव्या दिवशी चाखलं, थोडं थांबावंसं वाटलं. बाराव्या दिवशी चाखलं... आणि आनंदाने तिने तिथेच एक गिरकी घेतली. गोडसर, हलकी, शेवटी किंचित आंबट. लगेच गाळून बाटल्यांत भरली. आणखी दोन दिवस राहिली असती तर आईवर गेली असती.

गवाईचा दिवस उजाडला. घंटा, ढोल, कोंबड्यांचा कलकलाट. पाहुण्यांची रांग जिना चढून लांबलचक ओसरीवर आली आणि बायका आपापल्या दारी पेले घेऊन उभ्या राहिल्या. दिमा रांगेतले पाहुणे मोजत होती. चौदाव्या क्रमांकावर... निळा शर्ट!

या वेळी तो बोट लावत नव्हता. प्रत्येक दारी थोडं थोडं पीत होता, आणि चेहरा कसा, दात उपटायला निघालेल्या माणसासारखा.

तो समोर आला. आई शेजारीच उभी होती. दिमाने पेला पुढे केला. जाराउचा उजवा हात उचलला गेला, बोट पुढे आलं...  मग दुसराही हात आला. दोन्ही हातांनी त्याने पेला धरला, डोळे घट्ट मिटले आणि एका दमात रिकामा केला.

डोळे उघडले ते मोठे होऊन.

"ही... ही तर गोड आहे!"

"मग? आवडली नाही?"

"अगं, दीड महिना रोज सकाळी कारल्याचा रस पितोय मी! तुझ्या पेल्याची सवय व्हावी म्हणून!"

ओसरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. दिमाला हसावं की रडावं कळेना. हा वेडा तिच्यासाठी रोज ते हिरवं विष पीत होता, आणि ती पोत्यामागे मडकं लपवत होती!

आईने मात्र दिमाच्या हातातली बाटली घेतली, हुंगली. "अस्सं. म्हणून पोतं जागचं हलू देत नव्हतीस." मग मोठ्या मडक्यातला पेला काठोकाठ भरून जाराउपुढे धरला. "पहिला लेकीचा झाला. आता हा माझा. कारलं वाया जायला नको."

 जाराउने दिमाकडे बघितलं, मग पेल्याकडे. घोट घोट करत तो प्यायला. कान लालबुंद झाले, डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड वाकडं केलं नाही की मध्ये थांबला नाही. रिकामा पेला त्याने उपडा करून दाखवला.

आईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग लेकीच्या बाटलीतलं थोडं ओतून चाखलं.

"सरबत आहे," ती म्हणाली. आणि बाटली लेकीच्या हाती देऊन पेला पुढे केला. "घाल अजून."

ढोल पुन्हा सुरू झाले. पाहुणे पुढच्या दारी सरकले. जाराउ मात्र तिथेच.

"कारलं आवडायला लागलं का रे?" दिमाने हळूच विचारलं.

"छे! अजून तितकंच वाईट लागतं." तो तिच्याकडे बघत राहिला. "तू आवडतेस. म्हणून पीत होतो."

"आता नको पिऊस. मी दरवर्षी दोन मडकी घालीन. एक आईचं... एक तुझं."

 जाराउने बाटली धरलेल्या तिच्या हाताला अलगद एक बोट टेकवलं.

"बोट लावतोस?" दिमा डोळे वटारून म्हणाली. "आपल्या नदीवर त्याचा अर्थ माहितीय ना तुला? हवा असेल तर अख्खा हात धर."

त्याने धरला. सगळ्या ओसरीसमोर.