पुन्हा लाव ते गाणं

पेणच्या त्या गणपती कारखान्यात सकाळपासून आरत्या वाजत होत्या. नमिता श्वास रोखून दोन फुटी मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती. इतक्यात स्पीकरमधून कोणीतरी किंचाळलं—

नमिता दचकली, हात सरकला. काळी रेघ बाप्पाच्या डोळ्यातून निघाली ती थेट कानापर्यंत गेली.

"अगो बाय! काय झालं गो?" बायजाआत्याच्या हातातलं शाडूचं घमेलं खाली पडलं.

गिटार करवतीसारखी कापत होती. ड्रम छातीत वाजत होते. आणि गाणारा गळा फाडून ओरडत होता, "बरा आहे! बरा आहे! किती वेळा सांगू, बरा आहे!"

दारात एक तरुण भिजलेल्या बोटांनी मोबाइल दाबत होता. स्क्रीन काही ऐकत नव्हती.

"सॉरी, सॉरी! मागे मूर्ती ठरवायला आलो तेव्हा आरती लावून दाखवली होती ना... तेव्हापासून फोन तुमच्या स्पीकरला जोडलेला राहिलाय." एकदाचं गाणं बंद झालं. "मी प्रणित. रोह्याजवळ वरसे गावात असतो."

"तो माणूस ओरडत होता की मार खात होता?" नमिताने रागाने विचारलं.

"तो माणूस... मीच आहे."

नमिता बघतच राहिली. असा गरीब चेहरा, आणि आतून तसला आवाज?

ती काही बोलणार, तोच मागचं दार करकरलं. दारात तिचे बाबा उभे होते. वाढलेली दाढी, चुरगळलेली लुंगी.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

आत्याचा हा भाऊ, हिरामणदादा, चौदा महिन्यांत कारखान्यात आला नव्हता. घरचे गिऱ्हाइकांना सांगायचे, तो गागोद्याला पाहुण्यांकडे गेलाय. खरं म्हणजे तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

प्रणितला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने गाणं लावलं. हिरामणदादा मातीच्या गोणीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला. गाणं संपलं तेव्हा त्याची दाढी ओली होती.

"माझंच सांगतोय हा," एवढंच बोलून तो आत गेला.

नमिता प्रणितला ओढतच बाहेर पत्र्याखाली घेऊन आली. पावसाची झड तिरकी येत होती.

"काय केलंत तुम्ही? आणि काय आहे ते गाणं?"

"मागच्या वर्षी फर्स्ट शिफ्टला निघालो होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "कंपनीची बस समोर उभी. पण पाय उचलेना. बस गेली, पुढचीही गेली... दुपारपर्यंत तिथेच बसून होतो. जो येईल त्याला सांगत होतो, बरा आहे. मग अलिबागचे डॉक्टर, गोळ्या... आणि हे गाणं. आता जरा झोप लागते."

नमिताला चौदा महिन्यांपूर्वीचा तो दिवस आठवला. बाबांनी एका मूर्तीचा डोळा सात वेळा पुसला होता आणि ब्रश ठेवला होता. सगळ्यांनी ठरवलं, आखणी चुकली म्हणून देव कोपला. भगत झाला, नारळ झाले, कोंबडं झालं. डॉक्टर मात्र कोणालाच सुचला नव्हता.

"आजार होता...?" तिने स्वतःलाच विचारलं.

"मंगळवारी डॉक्टरांकडे माझी तारीख आहे. काकांना नेऊ? येतील?"

"आत्या तुमचे पाय मोडेल."

"तुम्ही मध्ये पडाल ना?"

"मी का पडू?" ती म्हणाली, आणि उगाचच हसली.

मंगळवारी तो सकाळीच आला. आत्या कंबरेवर हात ठेवून दारातच उभी.

"माझ्या भावाला येडा ठरवतोस व्हय रे?"

"आत्या, मीपण तिथंच जातो. मी येडा दिसतो?"

आत्याने त्याला खालून वर न्याहाळलं. "दिसतोस. पन ती कानातली बाळी काढलीस तर नाय दिसनार."

नमिताने तोंडावर ओढणी दाबली. हसू आवरून तिने आत पाहिलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. बटणं वरखाली लागली होती. तिने ती नीट लावली.

स्टँडवर अलिबागची एसटी लागली होती. बाबा खिडकीशी बसले. प्रणित पायरीवर घुटमळला, खाली उभ्या नमिताकडे वळला.

"एक सांगायचं होतं... माझ्या गोळ्या अजून चालू आहेत. कधी थांबतील माहीत नाही. आधी एक स्थळ आलं होतं, ते एवढं ऐकूनच उठून गेलं. म्हणून तुम्हाला आधीच..."

"बाबांना गोळ्या लागल्या तर मी त्यांची मुलगी राहणार नाही का?"

"मुलीचं वेगळं असतं."

"मग मी तुमची कोण होऊ—" नमिताचे कान तापले, पण नजर हलली नाही, "ते विचारा ना."

इतकं मोठ्याने ओरडणाऱ्या माणसाला आता साधा शब्द फुटेना. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला.

"अरे, इचार रं लवकर!" खिडकीतून आवाज आला. "गाडी सुटतेय!"

दोघंही दचकून वळली. बाबा होते ते. चौदा महिन्यांनी नमिता त्यांना हसताना बघत होती.