उसनी माती

गणपती हौशी माणूस. जीपच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला तेव्हा तसलाच दुसरा आणायचा सोडून तो बेळगावहून जास्त ताकदीचा, बाहेरच्या कारखान्यात घडवलेला ब्लॉक घेऊन आला. "दिग्गीचा चढ हसत चढाय पायजे गाडी," म्हणाला. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण हौसेमागून येणारी डोकेदुखी जोयड्याच्या वासू मेस्त्रीच्या वाट्याला आली.

वासू त्याचा मेहुणा. गणपतीची बायको सुनयना ही वासूची थोरली बहीण, आणि तिच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा दांडेलीला डायलिसिसला न्यावं लागे आणि घाटावरच्या त्यांच्या दिग्गी गावातून तिला आडवी निजवून नेईल अशी गाडी हीच एक. इंजिन उघडून पडल्यामुळे एक पाळी हुकली होती. पाय सुजले होते, धाप लागत होती. दुसरी पाळी हुकली तर काय, हे कुणी तोंडाने बोलत नव्हतं.

सगळं अडलं होतं चेंबरपाशी. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं तेल साठवायचं भांडं. नव्या ब्लॉकमधला क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो वाकडा दांडा, मोठा घेर घेऊन फिरे, तो जुन्या चेंबरला घासला. दुसरा चेंबर खोल आणला, तर तो पुढच्या एक्सलवर टेकला. नुसता उथळ घ्यावा तर चढावर तेल मागे पळतं, तेल ओढणाऱ्या पंपाची जाळी उघडी पडते आणि इंजिन जाम होतं. शेवटी पुढे उथळ आणि मागे खोल असा तिसरा मिळाला.

आतली फट मोजायची वासूची रीत त्याच्या उस्तादांची, दत्तात्रय मामांची. चेंबरच्या आत वारुळाची ओली माती थापायची, चेंबर लावायचा, क्रँक हाताने फिरवायचा, पुन्हा उघडायचा. मातीवर ओरखडा उठला की समजायचं, जागा कमी. "माती उसनी मागून घ्यायची, फूल ठिवून," मामा सांगत. "काम झालं की परत द्यायची. वारुळाचं कुनी ठिवून घेत न्हाई." मामा गेले, रीत राहिली. वासू देवाधर्मातला नव्हे, पण उस्तादाचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

तिसऱ्या चेंबरमधल्या मातीवर ओरखडा नव्हता. वासू इतका हरखला की बाहेरून दाजींची हाक येताच त्याने गॅस्केट बसवलं, बोल्ट आवळले, नवं तेल ओतलं. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. गणपती जीप घेऊन दिग्गीला गेला. उजाडताच तो सुनयनाला घेऊन निघणार होता.

सकाळी वासू माती परत द्यायला उठला, तर माती ठेवायचा डबा रिकामा. बाकाखाली पाहिलं, पोत्यामागे पाहिलं, शेजारच्या टपरीवर विचारलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा! मग एकदम त्याला काल घाईत आवळलेले बोल्ट आठवले.

माती चेंबरमध्येच राहिली होती.

गरम तेलात ती सुटणार, जाळी तुंबणार आणि भर घाटात इंजिन जाम होणार. आक्का आत असताना. फोन लागेना, दिग्गीकडे रेंज कधी असते! वासूने मोटारसायकल काढली.

चढ अर्धा झाला आणि वारुळाच्या ओल्या मातीचा वास आला. मार्चचा महिना, पाचोळासुद्धा कडकडत होता. वासू थांबला. वरून जीपचा आवाज येत होता, खणखणीत, एकसारखा.

त्याने हात आडवे करून जीप थांबवली.

"दाजी, गरम झालीया काय गाडी?"

"न्हाई बा. मदल्या चढाला तर आपल्यापासनं चढली बग. म्या पाय बी दाबला न्हाई."

मागे निजलेली सुनयना मान उचलून बघत होती. "सकाळी सकाळी हितं कसा रं तू?"

इंजिन चालू असतानाच वासू जीपखाली शिरला आणि चेंबरजवळ हात नेला. एवढ्या वाटेनंतर तिथे हात भाजायला हवा.

चेंबर रांजणासारखा गार होता.

बाहेर येऊन त्याने बॉनेट उघडलं आणि तेलाची पातळी बघायची पट्टी ओढली. डिझेल इंजिनाचं तेल एका घाटात काळंभोर होतं. पट्टीवर पिवळंधमक तेल होतं, डब्यातून आत्ता ओतल्यासारखं.

"काय झालं रं?" गणपतीने विचारलं.

वासूने आक्काचे सुजलेले पाय पाहिले. पट्टी पुसली, परत खोचली.

"काय न्हाई. जावा तुमी. दांडेली येईस्तवर इंजिन बंद करू नका."

जीप हलली. सुनयनाने हात हलवला. आक्का आज वेळेत पोचणार, अशी वासूची खात्री पटली आणि त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात जीपचा मागचा भाग त्याच्या समोरून गेला. सायलेन्सरच्या नळीला धूर नव्हता. तिच्या तोंडावर रात्री कोळ्याने विणलेलं जाळं ताणलेलं होतं, आणि त्याचा एकही धागा तुटला नव्हता.