रिकामा आखाडा

चष्मेवाल्याचं दुकान उघडायला अवकाश असायचा, पण तो रोज त्याआधीच मागच्या खोलीत येऊन बसायचा. खोली कसली, अडगळच ती. एका बाजूला काचा घासायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला फ्रेमांची खोकी, आणि मधल्या टेबलावर कॉम्प्युटर. टेबलाखाली आणखी एक काळं खोकं सतत घरघरत असायचं. त्या खोक्यात त्याचा इंटरनेटवरचा फोरम राहत होता.

जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांचा फोरम. चष्मेवाल्यानं तो तरुणपणी मेहुण्याला हाताशी धरून सुरू केला होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि काम करताना त्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. अडकलेलं शटर कसं सोडवावं, भिंगाला लागलेली बुरशी कशी काढावी, शटरचा फाटलेला पडदा कसा शिवावा, सगळं त्या फोरमवर होतं. कुणी अडलं की चारी बाजूंनी माणसं धावून यायची, आकृत्या काढून दाखवायची.

आणि भांडायचीही. प्रत्यक्षात सगळी गरीब गाय, पण कीबोर्ड हाताशी आला की अंगात यायचं. म्हणून चष्मेवाल्यानं फोरमवर एक वेगळा कप्पाच करून टाकला, 'आखाडा'. वाद पेटला की तो उचलून आखाड्यात नेऊन टाकायचा. तिथं काय ते एकमेकांचे कपडे फाडा, बाहेर शहाण्यासारखं वागा. तो स्वतः तिथं 'पंच' या नावानं वावरायचा आणि कधीच कुणाची बाजू घ्यायचा नाही. त्याचा त्याला अभिमान होता. घरीही तोच प्रकार. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा भिंतीशी भांडलेलं परवडलं. तिच्यावर मारलेला चेंडू परत तरी येतो."

मग सगळ्यांच्या हातात फोन आले. रीळबाईंनी फोनवर एक ग्रुप काढला. रीळबाई म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एक बाई. फोरमवर त्यांनी 'रीळ' हे नाव घेतलं होतं, तेच चिकटलं. ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी नातवंडं, संध्याकाळी सुविचार. कुणी शटरबद्दल विचारलंच तर तो प्रश्न फुलांखाली गाडला जायचा. एकेक करत सगळे तिकडे गेले. जातो म्हणून कुणी सांगितलंही नाही. ग्रुपवर चष्मेवालाही होता, पण रोज सकाळी तो फोरमच उघडायचा, कुणी नसलेल्या घरात कुंड्यांना पाणी घालावं तसा.

अशाच एका सकाळी त्याला आखाड्यापाशी नवीन मजकुराची खूण दिसली.

मास्तर आणि रीळ, दोघांची जुंपली होती. मास्तर म्हणजे निवृत्त झालेले भूमितीचे शिक्षक. बुरशी लागलेलं भिंग घासावं की तसंच ठेवावं, यावर जुनाच वाद. चष्मेवाल्याला हसू आलं. आले बाबा परत, म्हणत त्यानं लिहिलं, "दोघांचं स्वागत. जरा बेतानं."

त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

चारसहा दिवसांत बुरशी मागं पडली. रीळ लिहीत होती, "तुझ्या हाताला यश नाही. ज्याला हात लावतोस ते आंधळं होतं." मास्तर लिहीत होते, "तू घराबाहेर पडलीस की तुझी माणसं खिडक्या उघडतात." शुद्धलेखनाची एक चूक नाही, उद्गारचिन्ह नाही. भांडणात माणूस घसरतो, अडखळतो, इथं तसलं काही नव्हतं. पाठ केल्यासारखं एकामागून एक येत होतं. "मी दार वाजवणार नाही. मी आत बसलेला असेन."

चष्मेवाल्यानं मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, रीळबाईंवर एवढे का तापलात?"

"मी? अहो, आज सकाळीच त्यांच्या गुलाबाला अंगठा दिला मी!"

"फोरमवर म्हणतोय."

"तो चालू आहे अजून?" मास्तरांना खरंच नवल वाटलं होतं. "माझा पासवर्ड तर जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेला."

रीळबाईंनाही त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, "मेली सवड आहे कुणाला!"

मेहुणा आला. आल्या आल्या खोलीच्या पसाऱ्यावर, चहावर, रस्त्यावरच्या गर्दीवर बोलून घेतलं आणि मग खोक्यापुढं बसला. बराच वेळ बटणं बडवून म्हणाला, "भावोजी, बाहेरून कुणी आलेलंच नाहीये. हे इथंच लिहिलं जातंय."

"इथंच म्हणजे?"

"इथंच म्हणजे इथंच. मला कळलं असतं तर मी गप्प बसलो असतो होय?"

त्यानं खोक्यामागची नेटची वायर उपसली आणि हातात धरून ठेवली. दोघं पडद्याकडे बघत राहिले. रस्त्यावरून एक गाडी गेली. बाहेर काउंटरवर बायको कुणाला तरी पावती देत होती.

पडद्यावर नवी ओळ उमटली. "पंच बघतोय."

खाली दुसरी. "बघू दे. तो नुसता बघतोच."

वायर मेहुण्याच्या हातातच होती. एवढ्या वर्षांत चष्मेवाल्यानं त्याला पहिल्यांदाच गप्प झालेलं पाहिलं.

"खोकं बंद करून टाका," शेवटी तो म्हणाला. "कायमचं."

पण ते चष्मेवाल्याच्यानं होईना. माणसं गेली होती, तरी त्यांनी शिकवलेलं सगळं त्या खोक्यात होतं. त्यातले काही तर आता हयातही नव्हते. त्यानं सांगितलं, "एवढा आखाडा पूस. बाकीचं राहू दे."

"पुसतो. एक प्रत मात्र माझ्याकडे ठेवतो, नंतर तुमचीच बोंब नको."

"पुसलं की ते जातं कुठं?"

"पुसलं की पुसलं. जाणार कुठं?"

आखाडा गेला. खोली एकदम निवांत वाटली. चष्मेवाल्यानं दोन दिवस मन लावून काम केलं, बायकोशी चार गोष्टीही बोलला. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की फोनवरचा ग्रुप थंड पडलाय. फुलं नाहीत, नातवंडं नाहीत. कुणी काही लिहीतच नव्हतं. सगळे ग्रुपवर हजर दिसत होते. नुसते हजर.

त्याला राहवेना. जुने सुटे भाग वाटून टाकायचेत, या निमित्तानं त्यानं मास्तरांना आणि रीळबाईंना दुपारी दुकानात बोलावलं. दोघांची आजवर भेट झालेली नव्हती.

"फोटोपेक्षा तरुण दिसता हो," मास्तर म्हणाले.

"आणि तुम्ही फोटोपेक्षा बारीक," रीळबाई हसल्या. त्यांच्या पदराला शिवणकामाची टाचणी लागलेली होती. बायकोनं चहा आणला आणि ती पुन्हा काउंटरवर गेली. दोघं फ्रेमांच्या कपाटाखालच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. बदललेल्या हवेबद्दल बोलणं झालं. मास्तरांनी कप तोंडाला लावला, घोट घेतला आणि कप खाली आणत साध्या आवाजात म्हणाले,

"तू घराबाहेर पडलीस की तुझी माणसं खिडक्या उघडतात."

चष्मेवाल्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तुझ्या हाताला यश नाही," रीळबाई म्हणाल्या. साखर पुरे, म्हणाव्यात तशा. "ज्याला हात लावतोस ते आंधळं होतं."

"मास्तर," चष्मेवाला म्हणाला. "अहो बाई."

कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. ओळीमागून ओळ येत होती. आवाज चढत नव्हता, कपाळाला आठी नव्हती. पण मास्तरांची बशी थरथरत होती आणि चहा त्यांच्या विजारीवर सांडत होता. कढत चहा. त्यांनी पाय हलवला नाही. रीळबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्याचा आवाजात मागमूसही नव्हता.

चष्मेवाल्याला पुढची प्रत्येक ओळ माहीत होती. शेवटची कुठली, तेही माहीत होतं. तो तिची वाट बघत उभा राहिला.

शेवटची ओळ आली.

ती दोघं थांबली नाहीत.

पुसलं होतं तिथून पुढं भांडण चालू झालं. जे कुणी कधी लिहिलं नव्हतं ते. रीळबाईंच्या घरातल्या बंद खोलीचं. मास्तरांच्या बायकोनं शेवटच्या आजारात पाणी मागितलं होतं, त्याचं.

चष्मेवाल्यानं मास्तरांच्या हातातली बशी हिसकावून घेतली.

"अगं बाई, सांडला की!" रीळबाई उठल्या आणि त्यांनी पदरानं डोळे टिपले. "धूळ फार आहे हो तुमच्या दुकानात."

मास्तर ओल्या विजारीकडे बघत म्हणाले, "बरं, सुटे भाग कुठले म्हणालात?"

ते गेल्यावर चष्मेवाला काउंटरपाशी आला. "ऐकलंस ना?"

"काय? हवेबद्दल तर बोलत होता तुम्ही," बायको म्हणाली.

त्यानं तडक मेहुण्याला फोन केला. मेहुणा खिशात प्रतीचा पेनड्राइव्ह घेऊन आला, पण खोलीत पाऊल टाकायला तयार होईना.

"परत आत घालायचं म्हणता?"

"जागा परत दे त्याला."

"कुणाला, भावोजी?"

चष्मेवाल्यानं नुसतं खोक्याकडे बोट केलं. शेवटी मेहुणा आत आला आणि त्यानं उभ्या उभ्याच काम उरकलं. आखाड्याचं नाव फोरमवर पुन्हा दिसू लागलं. उघडून पाहिलं तर आत काहीच नव्हतं. "प्रत भरलेली होती," मेहुणा पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "मी उघडून बघितली होती, भावोजी, भरलेली होती." मग तो निघून गेला, बहिणीला हाकही न मारता.

चष्मेवाला एकटाच बसला. पुढे दुकानात कुणी बाई चष्मा न्यायला आली होती, तिचा आवाज कानावर पडत होता. रिकाम्या चौकटीत त्यानं लिहिलं, "या इथं. मी आहे भांडायला."

काहीच झालं नाही.

हे अगदीच मुळमुळीत झालं, त्याला वाटलं. खरं काहीतरी लिहायला हवं. आणि मग त्याची बोटं आपसूक चालू लागली.

"तुम्ही सगळे गेलात ते बरं झालं. जपून ठेवावं असं तुमच्यात काही नव्हतंच."

लिहून झाल्यावर त्याला फार हलकं वाटलं. असं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्यानं बटण दाबलं आणि पडद्यावर डोळे लावले.

पडदा तसाच राहिला.

बाहेर बायको गिऱ्हाइकाला म्हणत होती, "नाकावर घट्ट होतोय का? थांबा, जरा सैल करून देते." स्क्रू फिरल्याचा बारीक आवाज आला. मग त्याच सुरात ती म्हणाली, "तुझ्यात तरी काय होतं? तू दार धरून उभा राहिलास, एवढंच."

"आणि ते कुणी ठोठावलंही नाही," गिऱ्हाईक बाई म्हणाली.

मग दोघी थांबल्या. पावती फाडल्याचा आवाज नाही, खुर्ची सरकल्याचा नाही. त्या वाट बघत होत्या.

चष्मेवाल्यानं घाईघाईनं कीबोर्ड लांब ढकलला आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले.

तेवढ्यात त्याचं तोंड उघडलं.