फरशीवरचा दोर

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या मावशीची नाही, कुणी सांगितलेली नाही. माझ्यासोबत घडलेली आहे.

विश्वास ठेवायचा असेल तर ठेवा. नसेल तर पुढे स्क्रोल करा, मला राग नाही.

गेल्या वर्षीचा श्रावण. नागपंचमीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. जागा, मनोरच्या पलीकडे डोंगरात जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरची एक फरशी. फरशी म्हणजे ओढ्यावरचा बसका पूल. कठडा नाही, काही नाही. पाणी वाढलं की वरून वाहतं.

मी वैभवी. बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे. बाबा, म्हणजे आनंदा फिटर, तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले.

माझ्याकडे एक जुनी जिप्सी आहे. लिलावात घेतली तेव्हा तिला धड सीटही नव्हती. बाबांनी आणि मी ती अंगणात उभी केली. पुढचा बंपर बाबांनी लोखंडी चॅनल कापून स्वतः बनवला, कारण त्यावर विंच बसवायचा होता. विंच म्हणजे मोटारीवर फिरणारा रूळ. त्याला जाड दोर गुंडाळलेला असतो. दोराचा आकडा झाडाला अडकवला की गाडी स्वतःला चिखलातून ओढून काढते.

वेगळी बॅटरी टाकली. झाडाला गुंडाळायचे रुंद पट्टे घेतले. एक जाड कप्पी घेतली. आणि रेडिओ बसवला.

डोंगरात मोबाईलला रेंज नाही. म्हणून रीतसर परवाना काढून तीन सेट घेतले. एक गाडीत. एक आमच्या घरी, गच्चीवर उंच अँटेना लावून. आणि एक हातातला सेट सुकाकडे. तो फरशीपलीकडच्या, डोंगरमाथ्यावरच्या पाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, राहणारा शेतकरी.

शेजारच्या सोजराबाई म्हणाल्या, "पोरीच्या लग्नाचं बघायचं सोडून हे काय उद्योग चाललेत आनंदराव?"

बाबा म्हणाले, "तिला गाडी ओढता येती. नवरा काय, वडत आणंल."

हे सगळं कशासाठी? पावसात ते पाडे तुटतात. अ‍ॅम्ब्युलन्स फरशीच्या अलीकडे उभी राहते आणि पेशंट पलीकडे. मला ते बघवत नव्हतं. एवढंच.

तर, त्या संध्याकाळी...

कामावरून येऊन चहा ठेवला होता. घरचा सेट खरखरला.

"ताई... बुधीला पान लागला. शेतात. हात सुजलाय. लवकर या."

सुकाचा आवाज. पान लागलं म्हणजे साप चावला. त्याची बायको, जेमतेम पंचविशीची.

मी चहा तसाच ठेवला. बाबा सेटजवळ बसले. मी निघाले.

मनोर ओलांडलं तोपर्यंत पाऊस थांबला होता. पण डोंगरावर काळं होतं. दिवस मावळायच्या बेतात. कच्च्या रस्त्याला लागले आणि टेकडी आडवी आली. बाबांचा आवाज तुटत गेला, मग बंदच झाला. ते नेहमीचंच होतं.

नेहमीचं नव्हतं ते पुढे.

रेडिओवर कुणीतरी बटण दाबलं. बोललं नाही.

नुसतं बटण... आणि वाहत्या पाण्याचा आवाज.

"सुका? आले मी. बुधी कशी आहे?"

बटण सुटलं.

पुन्हा दाबलं. पुन्हा पाणी. आणि त्या पाण्यामागे... कुणीतरी हळू खोकल्यासारखं.

मला वाटलं सुका घाबरलाय, बोलायला जमत नाहीये. मी गाडी दामटली.

फरशीवर पोचले तर पाणी वरून वाहत होतं. मांडीएवढं असेल. गाडी घातली असती तर वाहून गेले असते. पलीकडे सुका आणि त्याचा भाऊ जिव्या उभे होते. दोघांच्या खांद्यावर बांबू, बांबूला झोळी, झोळीत बुधी. बाजूला सुकाची आई, ठमी. डोक्यावर इरलं घेऊन, एकदम शांत उभी.

मी घाई केली, पण काम चुकवलं नाही. आधी जिप्सीची मागची बाजू ऐनाच्या एका झाडाला पट्ट्याने बांधली. मग बारीक दोरीला दगड बांधून पलीकडे फेकला. जिव्याने ती ओढली, त्यामागून विंचचा दोर गेला. पलीकडच्या झाडाला पट्टा, पट्ट्याला आकडा. मी इकडून दोर ताणला.

आता पाण्यावर कमरेच्या उंचीला एक घट्ट हात-दोर होता.

"या! दोर सोडू नका!"

दोघे पाण्यात उतरले. झोळी डोक्याच्या वर धरलेली. एक हात बांबूला, एक दोराला.

ते मध्यावर आले, आणि दोर खाली दबला.

दोन माणसांनी दबेल तेवढा नाही. खूप.

जसा कपडे वाळत घातल्यावर दबतो तसा. मध्ये, आणि मध्याच्या पुढे, जिथे कुणीच नव्हतं...

मागे ऐनाचा पट्टा करकरला. जिप्सी एकदा पुढे झुकली.

माझ्या हातात विंचचा रिमोट होता. मी बटण दाबलं नव्हतं.

"सुका, चल! थांबू नको!"

ते आले. कसे आले त्यांनाच माहीत. सुका काठावर गुडघ्यांवर पडला. आम्ही बुधीला मागच्या बाकावर आडवं केलं. ओठ निळे पडले होते. श्वास होता.

पलीकडे ठमीने पट्ट्यातून आकडा सोडवला आणि पाण्यात टाकला. हात वर केला. झालं, ओढून घे.

दोर सैल पडायला हवा होता.

पडला नाही.

ठमीच्या काठावरून तो सुटला होता, ती रिकाम्या हातांनी उभी होती. पण दोर ताठ होता. पलीकडच्या झाडाकडे नाही... फरशीच्या खालच्या अंगाला वळून, सरळ डोहात उतरलेला.

अडकला असेल. मी स्वतःला सांगितलं. फांदीत, दगडात, कशाततरी.

मी बटण दाबलं. विंच घुमला. हेडलाईट मंद झाले. दोर वीतभर आला...

आणि तेवढाच परत गेला.

विंच उलटा फिरत नव्हता. तरी गेला.

तेव्हा रेडिओ बोलला.

"आमालापन न्या."

बाईचा आवाज होता. मग एका म्हाताऱ्याचा. मग एकदम कितीतरी. ओरडत नव्हते. एस. टी. भरल्यावर कंडक्टरला जशी माणसं विनवतात, तसे.

"आमालापन न्या... आमालापन..."

मी सुकाकडे बघितलं. "तुझा सेट?"

त्याने कमरेचा सेट काढून समोर धरला. त्यातून पाणी गळत होतं. बंद होता.

"ताई, मगाशीच पान्यात पडला. तुमाला बोल्लो, त्याच्या मागून लगेच." त्याने डोहाकडे बोट केलं. "इथं पिकअप व्हावून गेलीय ताई. मागं. मानसं होती. तुमी दोर तोडा. तोडा नि निघा."

सुरी दाराच्या खणात होती. मी काढली. दोरावर ठेवलीसुद्धा.

आणि मला राग आला.

खरं सांगते, भीतीच्या आधी राग आला. हा दोर मी आणला होता. हा पूल कुणी नीट बांधला नाही म्हणून आणला होता. ती माणसं त्याच पुलावरून गेली, आणि त्याच पुलावर आज बुधी. मेलेल्यांनी ओढायचं, जिवंतांनी तोडून पळायचं, आणि पूल तसाच. मला नाही जमणार.

मी सुरी टाकली. गाडीत चढले. माईक उचलला.

"ऐका," मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता. "ही बुधी आहे. ही जिवंत आहे. हिला मी तुम्हाला देणार नाही. गाडी ओढा, मला ओढा, देणार नाही! आज हिलाच नेणार."

खरखर. पाणी.

"आणि तुम्हाला सोडून पळतही नाही. पाणी उतरलं की मी येईन. हाच दोर घेऊन येईन. आत्ता सोडा."

काही क्षण काहीच झालं नाही. बुधी कण्हली.

मग दोर सैल पडला.

एकदम नाही. एक एक हात सुटावा तसा... थोडा, थोडा, थोडा.

विंचने दोर गुंडाळला. आकडा बंपरशी आला. तो जागेवर बसवायला मी हातात घेतला. श्रावणातल्या डोंगरी पाण्यातून आलेलं लोखंड.

कोमट होतं. कुणीतरी बराच वेळ मुठीत धरल्यासारखं.

जिव्या मागच्या पाण्याकडे बघायला तयार नव्हता. मी ऐनाचा पट्टा सोडला आणि गाडी फिरवली.

मनोरच्या दवाखान्यात बुधीला लस मिळाली. ती वाचली. दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, पण या पावसात तिने भाताची आवणी केली.

आता तुम्ही म्हणाल, मग गेलीस का परत?

सगळ्यांनी नको म्हटलं. सोजराबाईंनी उतारा काढला. बाबा आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. शेवटी एकदा म्हणाले, "रेडिओ काढून टाकू त्यो."

"काढणार नाही, बाबा."

"का पण?"

"पुन्हा कुणाला पान लागलं तर?"



माघात पाणी उतरलं. मी गेले. भर दुपारी, लख्ख उन्हात. पाड्यावरचं कुणी यायला तयार नव्हतं. सुका आला. आणि ठमी आली, काठी टेकत.

डोहाच्या काठावर बसून तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी मनोरच्या बाजाराला निघालेली पिकअप. वरून आलेला लोंढा. काही माणसं खाली सापडली, काही सापडलीच नाहीत. गाडी डोहाच्या गाळात रुतली ती तिथेच राहिली. काढायला कुणी आलं नाही.

"माजी चिमी होती तिच्यात," ती म्हणाली. "सात वर्षांची. बांगड्या पायजेत म्हनून रडत गेलेली. सुकाची धाकटी बहीन."

सुका खाली बघत होता. इतक्या दिवसांत तो हे माझ्याशी एकदाही बोलला नव्हता.

तो डोहात उतरला, गाळ चाचपडून पिकअपच्या खालच्या सांगाड्याला आकडा लावला. मी काठावरच्या झाडाला कप्पी बांधून दोर दुहेरी केला, म्हणजे जोर वाढतो. मी बटण दाबलं. पट्टे करकरले. डोह बुडबुडला. आणि गंजून लाल झालेली ती पिकअप हळूहळू वर आली.

केबिनमध्ये गाळ होता. मागे गाळ होता. गाळाशिवाय काहीही नव्हतं.

ठमी उठली. गाडीच्या मागच्या फळीवर तिने हात ठेवला, आणि अंगणातून हाक मारावी तशी म्हणाली,

"चिमे, चल गं. ताई आलीय न्याया."

वारा नव्हता. पान हललं नाही.

दोघे पाड्याकडे चालत गेले. मी एकटी परत निघाले. ऊन उतरत होतं. चढावर गाडी जड वाटली. दुसऱ्या गियरवर चढते ती, त्या दिवशी पहिला टाकावा लागला. ओले दोर, ओले पट्टे... त्यांचं वजन असेल.

टेकडी संपली, घरचा सेट लागला.

"बाबा, झालं काम. निघाले."



मग बाबा, अगदी हळू... "वैभे, गाडीत कोण कोण हाय तुझ्या?"

"मी एकटीच आहे."

"नाही गं पोरी. तू बटण दाबलंस की मागं लई माणसं बोलाय लागल्यात."

मी आरशात बघितलं. मागचे दोन बाक. दोरांची पिशवी. बाकी रिकामं.

माझ्या मानेवर काटा आला. पण मी ब्रेक मारला नाही.

"बोलू देत, बाबा," मी म्हटलं. "बाजाराला निघालेत. मनोरला उतरवते त्यांना."

मनोरच्या बाजारात मी गाडी बाजूला घेतली. भाजीवाल्या, रिक्षा, भजीच्या गाड्या, सगळं गजबजलेलं. मी उतरले. मागचं दार उघडलं. 

"आलं मनोर," एवढंच म्हणाले.

आणि जिप्सी माझ्या डोळ्यांसमोर वर उचलली गेली. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरचं वजन उतरावं तशी. थोडी... अजून थोडी... एक एक माणूस पाय खाली ठेवतं तशी.

शेजारचा भजीवाला गाडीकडे बघत होता. त्याने झारा खाली ठेवला. 

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण गाडी पूर्ण वर आली नाही. मागून डाव्या बाजूला ती अजून जराशी बसलेली आहे. बाबांनी पाटे बदलले. टायर बदलले. फूटपट्टी लावून दोनदा बघितलं. कारण सापडत नाही. फार नाही, एखादं पोर बसेल एवढंच.

मी ठमीला सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

गाडी विक म्हणणारे रोज भेटतात. विकणार नाही. रेडिओही चालू आहे. भीती वाटत नाही का, असं कुणी विचारलं तर खोटं बोलत नाही. वाटते. संध्याकाळी त्या रस्त्याला लागले की मी आरसा वर करून ठेवते.

पण पाड्यावरून हाक आली की मी किल्ली उचलते. दोर, पट्टे, कप्पी, सगळं उजव्या बाकावर टाकते.

डावीकडची जागा रिकामी ठेवते.