टॉवेलाखालचा हात

धोंडिराम दलालानं तासगावात उभी हयात बेदाण्याचे सौदे केले, तेही तोंडानं नव्हे, टॉवेलाखाली. घेणाऱ्यानं झाकल्या हाताची बोटं धरून भाव सांगायचा. पटला नाही तर दलालानं हात काढून घ्यायचा. मुठीत मूठ दाबली, की सौदा पक्का. मग देवसुद्धा मोडू शकत नाही, म्हणायचे.

त्याच उजव्या हाताला लकवा मारला.

लेक माया सांगलीत दवाखान्यांची यंत्रं बनवायची. तिनं एक हातमोजा आणला. त्याला सेल नाही, चार्जिंग नाही. बोट हाललं, की हालण्यातूनच वीज निघायची अन् लॅपटॉपवर त्या बोटाची रेघ उठायची. तिनं आधी स्वतः घालून दाखवला. तिची उजवी करंगळी लहानपणी मोडलेली, तेवढी पाचवी रेघ मधेच अडखळली.

"लय झाक," धोंडिराम म्हणाला. "आता माझ्या हातात घाल. मड्याची रेघ बघू."

पाचही रेघा आडव्याच राहिल्या. मायाचा चेहरा उतरला. बाहेर बेदाण्याच्या शेडवर ऊन रणरणत होतं, माश्या घोंगावत होत्या. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या हातावर टॉवेल टाकला आणि त्या चहा ठेवायला गेल्या.

"टॉवेल काढ गं!" धोंडिराम दचकून ओरडला. "दलालाचा हात झाकून ठिऊ ने. कुणीबी बोली लावतंय."

माया हसली. तेवढ्यात पहिली रेघ उठली. मग दुसरी. मग तिसरी.

"आप्पा! बोटं हालली!"

"म्या न्हाई हालवली." त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. "कुणीतरी धरतंय."

टॉवेल सपाट होता. त्याखाली एकाच हाताचा उंचवटा.

"काय मागतंय, आप्पा?"

 त्याची नजर तिच्या उजव्या हातावर गेली.

"माझा हात वढ पोरी. मला न्हाई म्हणता येत न्हाई!"

मायानं टॉवेलाखाली उजवा हात घातला. वडलांचं मनगट तिला लागलंच नाही. कोरडी, गार बोटं लागली. त्यांनी तिची मूठ धरली.

घाबरून तिनं मूठ घट्ट दाबली.

टॉवेलाखाली सगळं सैल झालं.

धोंडिरामनं हात उचलला. आपला आपण. टॉवेल खाली पडला. दारात लक्ष्मीबाईंच्या हातून कप निसटला. "आवं, हात उचलला की तुमी!" त्या रडू लागल्या.

धोंडिराम हसला नाही. त्यानं लेकीच्या गालावर हात फिरवला. मायाला तो हात धरायचा होता. तिचा उजवा हात गादीवर पडल्या जागी पडून राहिला.

लॅपटॉपवर वडलांच्या बोटांच्या रेघा उठत होत्या. चार अखंड.

पाचवी मधेच अडखळत होती.